रांझीचा भोंगा आणि माझं घड्याळ

"नाशिकच्या थंडीत वाढलेल्या मुलीला जबलपूरचं काय भय घालतेस?" असं निघताना मी आईला ऐकवलं, आणि तिने पिशवीत कोंबलेला जाड स्वेटर तिची पाठ वळताच बाहेर काढून ठेवला. त्या स्वेटरची पहिली आठवण जबलपूरच्या फलाटावर उतरताच झाली. बोलायला तोंड उघडलं की वाफ बाहेर पडत होती, आणि आम्ही सहा मुली एकदम बोलत असल्याने फलाटावर आणखी एक इंजिन येऊन थांबल्यासारखं वाटत होतं. "जरा गप्प बसा, थंडी कमी दिसेल," आमच्या इतिहासाच्या बाई म्हणाल्या.

सहल कॉलेजच्या इतिहास मंडळाची. गोंड राजांची गढी, जुनी देवळं, नर्मदा, असा चार दिवसांचा बेत होता. बाई आणि चौघी जणी नेपियर टाउनमध्ये बाईंच्या ओळखीच्या एका डॉक्टरांकडे उतरल्या. मी आणि शैला मात्र रांझीला गेलो, कारण तिथे शैलाची कमलमावशी राहते आणि तिच्या मुलीचं, सुधाचं, त्याच आठवड्यात लग्न होतं. भाचीने गावात येऊन दुसरीकडे उतरायचं म्हणजे मावशीने स्टेशनवरच ठाण मांडलं असतं.

रांझी

रांझी म्हणजे शहराच्या कडेची कारखान्याची वस्ती. एकसारख्या क्वार्टरांच्या रांगा, प्रत्येक भिंतीला टेकलेली सायकल, अंगणात पेरूचं झाड आणि दोरीवर खाकी कपडे. नवख्या माणसाला घर ओळखू येणं कठीण. शैला पहिल्या झटक्यात भलत्याच घरात शिरली, आणि त्या घरच्या बाईंनी तिला चहा पाजल्याशिवाय सोडलं नाही.

"काहून गं इतकी वाळली?" मावशीने शैलाचं स्वागत केलं. मग माझ्याकडे वळून, "आणि तू स्वेटर नाही आणला? अच्छा, म्हणजे हिंमत दाखवून राहिली!" असं म्हणत तिने काकांची खाकी लोकरी जर्सी माझ्या डोक्यातून खाली ओढली. ती माझ्या गुडघ्यांपर्यंत आली. पुढचे सगळे दिवस मी त्याच वेषात ऐतिहासिक स्थळं पाहिली.

चहाचा पहिला घोट घेतला तोच असा काही आवाज झाला की कपातला अर्धा चहा जर्सीवर सांडला. घरभर हशा पिकला. तो कारखान्याचा भोंगा होता. काका कारखान्यात लेथवर काम करतात, आणि काकाच काय, सगळी रांझी त्या भोंग्यावर चालते. एका भोंग्याला उठायचं, एकाला डबा भरायचा, एकाला शेगडी पेटवायची, एकाला मुलांना खेळातून ओढून आणायचं. भिंतीवर लंबकाचं एक सुरेख घड्याळ होतं, पण त्याला किल्ली द्यावी असं कुणाच्या मनातही येत नसे. लंबकाच्या कप्प्यात मावशी सुईदोरा ठेवायची.

माझ्या मनगटावर थोरल्या भावाचं मोठ्या तबकडीचं घड्याळ होतं. ते मी रोज स्टेशनच्या घड्याळाशी जुळवून घेत असे. मैत्रिणी त्यावरून मला स्टेशनमास्तर म्हणतात. भोंगा झाला तेव्हा मी सवयीने घड्याळ पाहिलं आणि म्हटलं, "काका, तुमचा भोंगा पाच मिनिटं मागे आहे."

काकांनी माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं की मी जणू सूर्यच चुकलाय असं म्हणाले होते. "बेटा, घड्याळ चुकून राहिलं तुझं. भोंगा कधी चुकत नाही."

संध्याकाळी मावशीबरोबर आम्ही लग्नाची आमंत्रणं करायला निघालो. आमच्या नाशकात सहाचा मुहूर्त म्हटलं की लोक सातला जेवायला येतात. इथे पत्रिकेवरची वेळ कुणी वाचतच नव्हतं. मावशी कुंकू लावायची आणि सांगायची, "गोरज मुहूर्त आहे. चारचा भोंगा झाला की तयारी करा अन् चलो." मराठी घर असो की हिंदी, एवढं पुरत होतं.

मदनमहाल

मदनमहाल नाव ऐकून मी दिवाणखाने आणि झुंबरं मनात धरून गेले होते. प्रत्यक्षात तो एका टेकाडावर, एका प्रचंड खडकाच्या पाठीवर बसवलेला आटोपशीर दगडी टेहळणीमहाल आहे. पण वर चढून गेल्यावर वारा असा झोंबतो आणि सगळं शहर असं पायांशी पसरतं की गोंड राजांच्या निवडीला दाद द्यावी लागते. वाटेत एका खडकावर दुसरा अवाढव्य खडक टेकलेला आहे, नुसत्या टोकावर. आम्ही सहा जणींनी मिळून तो ढकलून पाहिला. बाईंनी मागून विचारलं, "पडला असता तर परीक्षेत काय लिहिणार होतात?"

खाली उतरल्यावर गक्कड आणि वांग्याचं भरीत खाल्लं. गक्कड म्हणजे गोवऱ्यांच्या आरावर भाजलेला कणकेचा जाड गोळा, फोडून तुपात बुडवलेला. आपल्या भरताला कच्च्या तेलाचा वास हवा. तिथल्या भरतात आलं आणि हिरवी मिरची सढळ हाताने. थंडीत दोन्ही हातांनी गरम गक्कड धरून ठेवण्यातच निम्मी चव आहे. मी तीन खाल्ले आणि जर्सी घातल्याचं सार्थक झालं.

भेडाघाट

दुसऱ्या दिवशी भेडाघाटला सुधाही आमच्याबरोबर आली. "लग्नाआधीची शेवटची हुंदडणी होऊ दे," मावशी म्हणाली. सुधा तशी अबोल. मराठी बोलता बोलता मध्येच हिंदीत शिरायची आणि मग स्वतःच हसायची.

धुआंधारला नर्मदा उडी घेते तिथे पाण्याचा नुसता धूर होतो आणि तो धूर अंगावर घेताना दात वाजतात. तिथून पुढे नावेत बसलो. दोन्ही बाजूंना संगमरवराचे कडे, पांढरे, पिवळट, कुठे निळसर. मध्ये पाणी इतकं स्तब्ध की वल्ह्याचा आवाजसुद्धा उर्मट वाटावा. नावाडी मात्र तोंडाने अखंड चालू होता. "ये देखो हाथी का पांव, ये देखो घोड़ा, ये साधू बाबा!" आम्हाला सगळं दिसत होतं. बाईंना काहीच दिसत नव्हतं आणि त्या ते प्रामाणिकपणे सांगत होत्या, त्यामुळे नावाडी फार दुखावला. परतताना पौर्णिमेनंतरच्या चंद्राने कड्यामागून डोकं वर काढलं, आणि तो मात्र बाईंनासुद्धा दिसला.

नावेच्या टोकाशी सुधा माझ्याजवळ बसली होती. मी तिला नवऱ्याबद्दल छेडलं. मधुकर त्याच कारखान्यात फिटर.

"चारचा भोंगा झाला की ते आपल्या गल्लीतून सायकलनं जायचे," ती म्हणाली. "मी त्याच वेळी तुळशीला पानी घालायला जायची. दो साल. रोज."

"मग?"

"मग तुळस सडून गेली. आईला कळलं."

मी इतकी हसले की नाव हलली आणि नावाड्याने मलाच साधू बाबांची भीती घातली.

युद्ध

तिसऱ्या दिवशी सकाळी शेजारच्या तिवारीजींच्या रेडिओभोवती सगळी गल्ली जमली होती. पाकिस्तानशी युद्ध सुरू झालं होतं. आम्ही बातम्या ऐकून घरात आलो तेव्हा मावशी बुंदीच्या परातीसमोर तशीच बसून होती.

दुपारपर्यंत सगळं बदललं. कारखान्यातल्या रजा रद्द झाल्या, पाळ्या बारा तासांच्या झाल्या. मधुकरची लग्नाची रजा गेली. शिवाय कारखान्यात बनलेल्या नव्या लष्करी गाड्यांचा एक ताफा पश्चिमेकडे निघणार होता, त्याबरोबर दुरुस्तीसाठी जाणाऱ्या फिटरांत त्याचं नाव लागलं. लग्नाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी निघायचं होतं.

पाठकभटजींना बोलावलं. ते दिवसा कारखान्याच्या स्टोअरमध्ये असतात आणि उरलेल्या वेळात रांझीची लग्नं लावतात. त्यांनी पंचांग उघडलं, मिटलं. "उद्याचा गोरज मुहूर्त चुकला की पुढं पौष लागून राहिला. मग थेट माघात."

"माघात मुलगा कुठं असेल, ते कोण सांगणार?" मावशी म्हणाली आणि पदराने डोळे पुसायला लागली. सुधा आत निघून गेली. शैला तिच्यामागे गेली. मला काय करावं ते सुचेना, म्हणून मी बुंदीचे लाडू वळायला बसले आणि माझे लाडू कुणाला लाडू वाटतच नव्हते.

संध्याकाळी मधुकर स्वतः आला. सडपातळ, हातांना ग्रीसचा वास. दारातच उभा राहून म्हणाला, "साहेबांनी उद्या लवकर सुट्टी दिली. चारच्या भोंग्याला जा म्हणाले, सकाळी ताफ्यावर हजर व्हा म्हणाले. मुहूर्त सापडतो." मावशीने त्याच्या तोंडात माझा वाकडातिकडा लाडू कोंबला.

त्याच संध्याकाळी काळोखाचा, म्हणजे ब्लॅकआउटचा हुकूम आला. तिवारीजींना वॉर्डन नेमलं होतं. डोक्यावर पत्र्याची टोपी, गळ्यात शिट्टी. त्यांनी खिडक्यांना लावायला काळा कागद आणला. मावशी आडवी आली. "लग्नघराला काळं? मी जिवंत असताना नाही!"

"भाभीजी, दुश्मन का हवाई जहाज लग्न नहीं देखता," तिवारीजी कळवळून म्हणाले.

तडजोड झाली. मावशीने रुखवतातल्या लाल रजया काढून खिडक्यांवर ठोकल्या. तिवारीजींनी बाहेरून फेरी मारली, उजेडाचा कवडसाही दिसत नाही अशी खात्री केली आणि जाताना म्हणाले, "दुल्हन लगती है कोठी."

लग्नाचा दिवस

लग्नाच्या दिवशी सकाळपासून अवकाळी पावसाचं आभाळ. ऊन नाही, सावली नाही, दिवस चढतोय की उतरतोय तेच कळेना. आम्ही पोहे खात असताना तिवारीजी तोंडाला पत्र्याचा कर्णा लावून गल्लीतून ओरडत गेले, "सुनो भाई, आज से भोंपू सिर्फ हवाई हमले पर बजेगा! बजे तो खंदक में!" सगळ्यांनी ऐकलं, सगळ्यांनी मान हलवली. मीही हलवली आणि पोह्यांवर आणखी शेव घेतली.

मग शैलाला मावशीच्या मदतीला ठेवून मी नेपियर टाउनला गेले. बाईंना परतीची चिंता लागली होती. गाड्या लष्कराने भरून चालल्या होत्या. स्टेशनवर दुसऱ्या दिवशीची जागा एकदाची मिळाली, आणि त्या आनंदात बाईंनी आम्हाला खव्याची जलेबी खाऊ घातली. आपली जिलबी कुरकुरीत आणि केशरी. ही जाड, काळसर, मऊ, दोनांत पोट भरतं. चौघी मैत्रिणींना लग्नाला यायचं होतं, पण काळोखात परत कसं जायचं म्हणून बाईंनी कुणालाच सोडलं नाही. मी एकटीच बसने रांझीला परतले. बसमध्ये घड्याळ पाहिलं. साडेचार होऊन गेले होते. आता अंगणात गर्दी असेल, सुधा पिवळी साडी नेसून बसली असेल, असं मनाशी म्हणत गल्लीत शिरले.

गल्लीत शुकशुकाट होता. अंगणातल्या मांडवात एक शेळी उभी होती. घरात मावशी पुऱ्या लाटत होती, सुधा तेल लावलेले केस मोकळे सोडून जुन्या साडीत बसली होती, काका रात्रपाळी करून आलेले, ते रजईत घोरत होते.

"अगं, हे काय? अजून कुणीच तयार नाही?"

"तयार व्हायला काय लागतं?" मावशी शांतपणे म्हणाली. "भोंगा तर होऊ दे."

मी दारातच बसले. सकाळचा तो कर्णा माझ्या डोक्यात आत्ता कुठे वाजला. "मावशी, भोंगा होणार नाही! बंद केलाय ना आजपासून!"

मावशीच्या हातातलं लाटणं तिथंच थांबलं. सगळ्या रांझीने तो हुकूम कान देऊन ऐकला होता, आणि सगळी रांझी घराघरांत बसून चारच्या भोंग्याची वाट पाहत होती. शेजारी, तिवारीजींकडे उतरलेली मधुकरची आई आणि बहीण, सगळ्याच. पाठकभटजी तर लग्नासाठी पाळी बदलून घेऊन, सोवळं नेसून, पंचांग काखेत मारून आपल्या ओट्यावर बसले होते. आभाळ तसं, त्यामुळे उजेडावरून कुणाला शंका यायचंही कारण नव्हतं.

सुधा एकच वाक्य बोलली. "तेपण भोंग्याचीच वाट पाहत असतील."

खरंच होतं ते. कारखान्याच्या काचांना काळा रंग फासलेला. आत बसलेल्याला दिवस-रात्र सारखीच. आणि साहेब सवयीने बोलून गेले होते, चारच्या भोंग्याला जा.

मग जी धावपळ उडाली तिला तोड नाही. शैलाने पितळी परात आणि झारा घेतला आणि गल्लीभर बडवत सुटली. तिवारीजी बाहेर आले. मी म्हटलं, "शिट्टी वाजवा ना!" तर म्हणाले, "शिट्टी सरकारी है, बेटी. साइकिल मेरी अपनी है. बैठो!" मी त्यांच्या कॅरियरवर बसले. पत्र्याची टोपी पुढे, खाकी जर्सी मागे, असे आम्ही कारखान्याच्या फाटकाशी पोचलो.

फाटकावरच्या शिपायाने आधी माझ्या जर्सीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "किससे मिलना है?"

"भैया, आमचा नवरा, म्हणजे दूल्हा, दूल्हा अंदर है!" माझी हिंदी ऐन वेळी अशीच दगा देते. "उसका लग्न है. अभी! भोंगा नहीं हुआ तो वो बैठाच है!"

शिपायाने माझ्या घड्याळाकडे पाहिलं आणि कपाळाला हात लावला. "अरे राम. आज तो तीन दूल्हे अंदर हैं. आपका कौन सा?"

"तीनों को भेज दो!" तिवारीजी गरजले.

शिपायाने आत फोन फिरवला. थोड्याच वेळात फाटकाच्या छोट्या दारातून तिघे जण सायकली हाताने ढकलत पळत बाहेर आले, तिघांच्याही अंगावर तेलाचे डाग. दोघे दोन दिशांना उधळले. मधुकरने मला पाहिलं मात्र, आणि पहिला प्रश्न विचारला, "चुकला का?"

"नाही," मी म्हटलं. "पण सायकल हाणा!"

गल्लीत शिरलो तेव्हा शैलाच्या परातीने जादू केली होती. निम्मे लोक हवाई हल्ला समजून खंदकात उतरले होते आणि तिथूनच लग्नाचे कपडे मागवत होते. मधुकरने ग्रीस पुसता पुसता मुंडावळ्या बांधून घेतल्या. काकांचा शर्ट उलटा होता. अंतरपाट धरला तेव्हा आभाळात एवढाच उजेड उरला होता की अंतरपाटावरचं स्वस्तिक दिसावं. बँड नव्हता, दिवे नव्हते. पाठकभटजी मंगलाष्टकं म्हणत होते आणि दर कडव्याला हळूच माझ्याकडे पाहत होते. मी घड्याळ त्यांच्यासमोर धरून उभी होते. त्यांनी मान हलवली, अक्षता पडल्या, अंतरपाट दूर झाला. सुधाने वर पाहिलं. मला रडू आलं, आणि त्याची मला अजिबात लाज वाटली नाही.

होम बाहेर करता येणार नव्हता. आग आकाशातून दिसली असती. म्हणून तो लाल रजया ठोकलेल्या खोलीत झाला. धूर जायला वाट नव्हती. सगळ्यांचेच डोळे वाहत होते, आणि कुणाचे धुराने, कुणाचे कशाने, ते कुणी विचारलं नाही. पंगतीत पुऱ्या, कचोरी, बालुशाही होती; मठ्ठा नव्हता, म्हणून मी नाशिकतर्फे निषेध नोंदवला. माझे लाडू मावशीने मुद्दाम मधुकरच्या पानात वाढले.

परत

सकाळी धुकं इतकं दाट होतं की समोरच्या रांगेतली घरं नाहीशी झाली होती. मधुकर ट्रंक सायकलला बांधून निघाला. मागे वळून तो हसला, हात वर केला, आणि चार पावलांत धुक्यात शिरला. सायकलची घंटी थोडा वेळ ऐकू येत राहिली.

सुधा दारात उभी होती. मी तिला म्हटलं, "येतील गं."

"येतील तर," ती म्हणाली. "पण भोंगा बंद आहे ना. आता कधी दारात यायचं, ते मला कळणार कसं?"

मी घड्याळ काढलं आणि तिच्या मनगटावर बांधलं. पट्टा तिला सैल होत होता. काकांनी खिळ्याने आणखी एक भोक पाडून दिलं. पट्टा दोनदा ओढून पाहिला. शेवटी म्हणाले, "ठीक आहे. भोंगा सुरू होईपर्यंत चालेल."

निघताना जर्सी परत करायला गेले, तर मावशीने ती पुन्हा माझ्या डोक्यातून ओढली. त्या वेषात मी नाशिकला उतरले. आईने आधी मला ओळखलं नाही, आणि मग फक्त जर्सीकडे पाहून हसली. भावाने रिकामं मनगट पाहून विचारलं, "घड्याळ कुठाय?" मी म्हटलं, "रांझीत कामाला लागलंय."

युद्ध लवकरच संपलं, हे तुम्ही जाणताच. पौषात शैलाची मावशी नाशिकला येऊन गेली. भोंगा पुन्हा सुरू झाला तेव्हा अख्खी गल्ली दारात येऊन उभी राहिली होती म्हणे, आणि तिवारीजींनी टाळ्या वाजवल्या. त्याच आठवड्यात मधुकर धडधाकट परत आला. आता तो पुन्हा चारच्या भोंग्याला घरी येतो. दारात नवी तुळस लावली आहे.

"आणि घड्याळ?" मी विचारलं.

"अगं, ते बिघडून राहिलं वाटतं," मावशी म्हणाली. "भोंग्याच्या चांगलं पंधरा मिनिटं पुढं चालतं. सुधा आपली ते पाहून दारात जाऊन उभी राहते, भोंगा व्हायच्या कितीतरी आधी."

मी मनातल्या मनात हिशेब केला. ते घड्याळ मी जबलपूरच्या स्टेशनच्या वेळेला लावून दिलं होतं. भोंग्याच्या पुढे ते पाच मिनिटं होतं. वरची दहा सुधाने सरकवली असणार. मी तिच्या जागी असते तर अर्धा तास सरकवला असता.